धक्क्यापासून वखारीपर्यंत

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींचा बहुतेक दिवस परवाने, मंजुऱ्या आणि त्यांवरील टिपणे यांतच सरतो. ‘परवाना’ हा शब्द त्यामुळे आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यालाही स्वतःचा असा इतिहास असेल हे सहसा मनात येत नाही. वास्तविक पेशवाईच्या दप्तरातही दस्तके आणि परवाने विपुल आहेत. परंतु हत्यारे देशात आणणे आणि देशाबाहेर नेणे यांसाठी सरकारने द्यावयाचा जो परवाना, त्याची कथा काही निराळीच आहे. इतर मालाच्या परवान्यात सरकार महसूल पाहते. हत्यारांच्या परवान्यात ते माणूस पाहते. कोणाच्या हाती बंदूक गेली तर आपल्याला स्वस्थ झोप येईल आणि कोणाच्या हाती गेली तर येणार नाही, याची यादीच जणू त्या नियमांत लिहिलेली असते. राज्यकर्त्यांच्या भाषणांतून त्यांच्या मनातील जी भीती कळत नाही, ती त्यांच्या परवान्यांच्या नियमांतून कळते, असे आम्हांस वाटते. मात्र त्या नियमांना एक जुनी खोड आहे. ते कागद कोणाला द्यावा याचा फार विचार करतात. कागद दिल्यावर पेटी कोणत्या वाटेने जाते याचा पुरेसा विचार करीत नाहीत. हिंदुस्थानातील हत्यारांच्या परवान्यांचा इतिहास हा पुष्कळसा या मधल्या वाटेचाच इतिहास आहे.

या व्यवहाराला परवान्याचे बंधनच नव्हते त्या काळातील एक प्रसंग प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन याच्या पुढाकाराने दारूगोळा घेऊन तिकडे गेले आणि इंग्रजी निशाण लावून किल्ल्यावर मारा करू लागले. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर गाठून या वखारवाल्यांना कैद केले. कैदेतून त्यांनी सुटकेसाठी सुरतेकडे तगादा लावला, तेव्हा तेथील वरिष्ठांनी उलट त्यांनाच सुनावले की, तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना सापडला नाहीत. पन्हाळ्यावर गोळे फेकावयास गेलात म्हणून सापडलात. वरिष्ठांचे हे उत्तर वाचून आमच्या वर्गातील वाचकाला ओळखीचे काही वाटल्याखेरीज राहणार नाही! थोडक्यात, गोळे कोणाला द्यावेत हा त्या काळी राज्याच्या धोरणाचा प्रश्न नव्हता, वखारवाल्याच्या हिशेबाचा होता. आणि त्याला शासन करावयाचे तर ज्याच्यावर गोळे पडले त्याला स्वतः वखारीपर्यंत जावे लागे. पुढे शतकाहून अधिक काळाने महादजी शिंद्यांनी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराकडून तोफा ओतवून घेतल्या. विकत घेणाऱ्याने स्वतःच कारखाना काढावा हा त्या परावलंबनावरचा उपाय होता, पण १८०३ च्या युद्धानंतर तोही मार्ग बंद झाला.

कायद्याचा प्रारंभ व्हावयास १८५७ साल उजाडावे लागले. उठाव चालू असतानाच हत्यारांची आयात, निर्मिती आणि विक्री यांविषयीचा १८५७ चा २८ वा कायदा झाला. त्याची जागा १८६० च्या ३१ व्या कायद्याने घेतली. त्यात प्रांतचे प्रांत निःशस्त्र करण्याची तरतूद होती. परंतु ज्याला आपण ‘हत्यारांचा कायदा’ म्हणून ओळखतो तो लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, १८७८ च्या मार्चमध्ये झाला. त्याच मार्च महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांना लगाम घालणारा कायदाही मंजूर झाला होता. लेखणी आणि तलवार यांचा बंदोबस्त अशा रीतीने एकाच महिन्यात उरकण्यात आला. लॉर्ड रिपनने १८८२ साली वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांच्या कायद्याला मात्र त्याने हात लावला नाही. उदारमतवादी व्हाइसरॉयलाही कोणत्या गोष्टीत उदार होणे परवडत नव्हते, हे यावरून उघड होते.

या कायद्याचे सहावे कलम आयात-निर्यातीचे. समुद्रमार्गे अथवा जमिनीवरून ब्रिटिश हिंदुस्थानात कोणतेही हत्यार, दारूगोळा किंवा लष्करी सामान परवान्यावाचून कोणी आणू नये व येथून बाहेर नेऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्याला एक सवलत जोडली होती. हत्यार बाळगण्याचा ज्याला कायदेशीर हक्क आहे त्याने स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी वाजवी प्रमाणात ते आणले, तर परवान्याची गरज नसे. तोफ मात्र या सवलतीत बसत नसे. कस्टमच्या कलेक्टरला शंका आल्यास त्याने माल अडवून ठेवावा आणि स्थानिक सरकारच्या हुकमाची वाट पाहावी. आता ‘कायदेशीर हक्क’ कोणाला? याचे उत्तर कलमात नव्हते. ते कायद्याखाली केलेल्या नियमांच्या परिशिष्टात होते. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना हत्यार बाळगण्याच्या परवान्यातून सूट होती. काही संस्थानिक, मानकरी आणि पदवीधारी यांना होती. कोडगू लोकांना ती जात म्हणून होती. बाकीच्या रयतेला नव्हती. कायद्याच्या मजकुरात वर्णभेदाचा एक शब्द नाही आणि परिशिष्टात दुसरे काही नाही! मूळ कायदा निर्मळ ठेवून खरे काम परिशिष्टाकडून करून घ्यावयाचे, ही कला साहेबाने आपल्या सचिवालयांना शिकविली, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदा झाला आणि वर्षाच्या आतच वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले. फडके हे पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून तेथून हाकेच्या अंतरावर चालू होता. लष्कराचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी आणि इतर साथीदार जमवून दरोड्यांनी पैसा उभा करावा लागला, आणि तलवारी व थोड्या जुन्या बंदुका यांवर भिस्त ठेवावी लागली. जुलैमध्ये ते पकडले गेले व १८८३ साली एडनला वारले. हे बंड फसण्याची कारणे अनेक आहेत, पण समुद्र सरकारच्या ताब्यात असून त्यावरून एकही पेटी येऊ शकत नव्हती, हे एक ठळक कारण आहे. कायद्याचा हेतू येथे पूर्णपणे सफल झाला.

राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्यानंतरही ही मागणी वारंवार पुढे आली. या मागणीचा रोख आपण नीट समजून घेतला पाहिजे. बंदुकांचा सुळसुळाट व्हावा अशी त्या शांत वकील-मंडळींची इच्छा नव्हती. एकाच रेल्वेच्या डब्यातून उतरणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या पिस्तुलाला कागद लागत नाही आणि दुसऱ्याच्या पिस्तुलाला लागतो, हा अपमान त्यांना सलत होता. पुढे गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेही हत्यारांच्या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली, तीही याच अर्थाने.

परवान्याचे राज्य आपल्या किनाऱ्यापुरतेच असते आणि बंदुका दुसऱ्याच्या किनाऱ्यावरून येतात, हे सरकारच्या लवकरच ध्यानात आले. वायव्य सरहद्दीवरील पठाणांच्या हाती युरोपात बनलेल्या रायफली दिसू लागल्या. त्या मस्कतला उतरून मकरानच्या किनाऱ्याने आणि अफगाणिस्तानातून येत होत्या. मस्कतमध्ये हा व्यापार पूर्णपणे कायदेशीर होता. फ्रेंचांचा मस्कतशी १८४४ चा व्यापारी तह असल्यामुळे तेथील फ्रेंच व्यापाऱ्यांना अडविणे इंग्रजांना जड जाई. युरोपीय राष्ट्रांनी १८९० साली ब्रसेल्सला हत्यारांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा करार केला होता, पण त्याचा रोख आफ्रिकेवर होता. आखाताचा हा भाग त्यातून सुटला होता. अखेर आरमारी गस्त घालूनही भागेना, तेव्हा १९१२ साली मस्कतच्या सुलतानाने सर्व हत्यारे एका सरकारी वखारीत ठेवावी आणि तेथून परवान्याशिवाय ती बाहेर जाऊ देऊ नयेत, अशी व्यवस्था करण्यात आली. सुलतानाच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई हिंदुस्थान सरकारने केली. दुसऱ्याच्या बंदरावर आपला परवाना चालविण्याची किंमत अशी रोख मोजावी लागते.

कलकत्त्याच्या कुशीत असलेल्या फ्रेंचांच्या चंद्रनगरचेही असेच दुखणे होते. फ्रेंच हद्दीत ब्रिटिशांचा कायदा लागू नव्हता. तेथे हत्यार मागविणे सोपे होते आणि तेथून कलकत्ता आगगाडीने तासाभराच्या अंतरावर. पुढे चंद्रनगरातही हत्यारांवर निर्बंध आले, तेव्हा तेथील मेयर तार्दिव्हेल याच्यावर १९०८ च्या एप्रिलमध्ये बाँब टाकण्याचा प्रयत्न झाला. तो वाचला. परवान्याचा नियम केल्याबद्दल ज्याच्या घरावर बाँब पडला असा हा दुर्मीळ अधिकारी म्हणावा लागेल.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हत्यार आले ते प्रवाशाच्या सामानातून. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसमधून मिळविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनच्या इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात दडवून मुंबईस धाडली. पेटी मुंबईच्या कस्टममधून सुखरूप बाहेर पडली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन याला अनंत कान्हेरे याने गोळ्या घातल्या. वापरलेले पिस्तूल त्या वीसपैकी एक होते. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९१० च्या १९ एप्रिलला ठाण्यास फाशी झाली, आणि सावरकरांवरील खटल्यात ही पिस्तुले पाठविण्याचा आरोप प्रमुख ठरला. हे सर्व आपल्याकडे अनेकदा लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही ते वाढवीत नाही. वीस पिस्तुलांना एका आचाऱ्याची पेटी पुरते. पन्नास पिस्तुले आणि हजारो काडतुसे हवी असतील तर? त्याला मात्र आयातीचा रीतसर परवानाच हवा. तो परवाना कसा उपयोगात आणला गेला, ही गोष्ट आपल्या लोकांत जितकी माहीत असावी तितकी नाही.

कलकत्त्यास व्हॅन्सिटार्ट रो या गल्लीत रॉडा आणि कंपनी ही हत्यारांची मोठी इंग्रजी पेढी होती. तिच्याकडे आयातीचे परवाने होते, साहेबलोकांचे गिऱ्हाईक होते आणि सरकारचा विश्वासही होता. या पेढीत श्रीशचंद्र मित्र नावाचा एक बंगाली कारकून होता. हत्यारांचा आणि दारूगोळ्याचा माल कस्टम हाऊसमधून सोडवून आणणे हे त्याचे काम. गोदीवरून माल सोडविणाऱ्या अशा माणसाला कलकत्त्याच्या पेढ्यांत ‘सरकार’ म्हणत. योगायोगाचा भाग असा की, हिंदुस्थान सरकारला यावेळी ज्याने चकविले तोही एक ‘सरकार’च होता.

महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. १९१४ च्या २६ ऑगस्टला, बुधवारी, श्रीशचंद्राने ‘टॅक्टिशियन’ बोटीतून पेढीसाठी आलेल्या २०२ पेट्या कस्टममधून सोडविल्या. कागद बिनचूक होते. परवाना खरा होता, माल परवान्याप्रमाणे होता, पेट्यांची संख्या जुळत होती. माल सात बैलगाड्यांवर चढला. त्यांपैकी एका गाडीवर गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त हा क्रांतिकारक बसला होता. व्हॅन्सिटार्ट रोच्या वखारीत १९२ पेट्या पोचल्या. मागे राहिलेल्या दहा पेट्या घेऊन येतो, असे सांगून श्रीशचंद्र बाहेर पडला आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. ती सातवी गाडी मलंगा लेनकडे वळली होती. पेढीने तीन दिवस वाट पाहिली आणि मग पोलिसांना कळविले.

या तीन दिवसांवर आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. इतका जोखमीचा माल कमी भरला असता पेढीने त्याच संध्याकाळी ओरड करावयास हवी होती. पण कारकून येईल, उद्या येईल, आजारी असेल, असे म्हणत दिवस गेले असावेत. ज्यांनी कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कस्टमच्या दृष्टीने २०२ पेट्यांची पावती झाली तेथे जबाबदारी संपली. पेढीच्या दृष्टीने माल वखारीच्या वहीत चढेपर्यंत तो आलाच नाही. या दोन वह्यांच्या मध्ये कलकत्त्याचा एक मैलभराचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर १८७८ च्या कायद्याचे सारे सामर्थ्य एका कारकुनाच्या इमानावर उभे होते. कायद्याने पेढीची परीक्षा केली होती. कारकुनाची परीक्षा करण्याचे कलम त्यात नव्हते.

त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि त्यांची ४६,००० काडतुसे होती. म्हणजे एका पिस्तुलामागे ९२० काडतुसे. ही पिस्तुले मोठ्या आकाराची होती. त्यांचे लाकडी म्यान दस्त्याला जोडले म्हणजे ते खांद्याला लावून बंदुकीसारखे झाडता येत असे. दरोडे घालून पैसा मिळवावा आणि एखादे जुनाट रिव्हॉल्व्हर पैदा करावे, या अवस्थेत असलेल्या बंगालच्या गुप्त मंडळांना एका दुपारीत एवढे घबाड मिळाले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात याचा हिशेब दिला आहे. ४४ पिस्तुले जवळजवळ लगेचच नऊ निरनिराळ्या गटांत वाटली गेली; पुढील दरोडे, खून आणि त्यांचे प्रयत्न मिळून ५४ प्रकरणांत ती वापरली गेली; अहवाल लिहीपर्यंत ३१ पिस्तुले पोलिसांच्या हाती परत आली होती. पेढीजवळ प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाची नोंद होती, म्हणून हा हिशेब लागू शकला. कागदाने चोरी थांबविली नाही, पण चोरीची मोजदाद मात्र चोख ठेवली. १९१५ च्या ९ सप्टेंबरला ओरिसात बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी लढले, त्यांच्या हातीही माउझर पिस्तुलेच होती. जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी वारले.

अनेकांवर खटले झाले, शिक्षा झाल्या. श्रीशचंद्र सापडला नाही. हरिदास दत्तांचे नाव तरी बंगालच्या आठवणींत राहिले. ज्या कारकुनाने मालाची सही केली त्याचा पुढचा मागमूस लागत नाही. फडक्यांच्या नावाशी जोडलेले कारकुनाचे पद आपण विसरून गेलो आहोत, आणि श्रीशचंद्राच्या बाबतीत त्या पदापलीकडे फारसे काही उरलेले नाही.

महायुद्ध संपल्यावर सुधारणांचे वारे वाहू लागले आणि १९२० च्या नियमांत परिशिष्टातील वर्णभेद काढून टाकण्यात आला. १९२४ साली नियम पुन्हा नव्याने झाले. मूळ कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला. संसदेने १९५९ चा ५४ वा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला, तेव्हा लिटनचा कायदा चौऱ्याऐंशी वर्षांनी निवृत्त झाला. इतकी सेवा कोणाच्या वाट्याला येत नाही.

नव्या कायद्याचा हेतू जुन्याच्या उलट होता. सभ्य नागरिकाला स्वसंरक्षणासाठी परवाना मिळावा आणि गुंडाला मिळू नये, ही त्याची भूमिका. पण आयात-निर्यातीचे दहावे कलम १८७८ च्या सहाव्या कलमाशेजारी ठेवून वाचावे. तोच परवाना, खाजगी उपयोगासाठी वाजवी प्रमाणात आणलेल्या हत्याराला तीच सवलत, कस्टमच्या अधिकाऱ्याने शंका आल्यास माल अडवून हुकमाची वाट पाहण्याची तीच तजवीज. फरक दोन ठळक दिसतात. हुकूम आता स्थानिक सरकारचा नव्हे, केंद्र सरकारचा. आणि ‘समुद्रमार्गे अथवा जमिनीवरून’ यापुढे ‘हवाई मार्गे’ हे शब्द आले. अकराव्या कलमाने विशिष्ट प्रकारच्या हत्यारांची आयात-निर्यात सर्वस्वी बंद करण्याचा अधिकारही केंद्राकडे ठेवला. कोडगू लोकांची जुनी सूट या नव्या कायद्याखालीही टिकली, आणि २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली. साहेबाच्या परिशिष्टातील ही एक ओळ अशी आजवर जिवंत राहिली आहे.

हवाई मार्ग कलमात घातला गेला होता, त्याची कसोटी १९९५ साली लागली. १७ डिसेंबरच्या रात्री पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो काडतुसे पॅराशूटने खाली सोडण्यात आली. सकाळी खेडूतांना शेतांत बंदुका सापडू लागल्या. माल बल्गेरियातील बुर्गास येथून निघाला होता, वाटेत कराची आणि वाराणसी येथे विमान थांबले होते. येथे रॉडाच्या उलट प्रकार घडला. कलकत्त्यास कागद खरा होता आणि गाडी वाट चुकली. बुर्गासला गाडी ठरल्या वाटेने निघाली आणि कागद खोटा होता. हत्यारे विकणारा देश खरेदीदाराकडून ‘हा माल आम्हीच वापरणार’ असे प्रमाणपत्र घेतो. ते बांगला देशाच्या नावाने तयार केलेले होते. त्या कागदाच्या आधारे माल विमानात चढला.

या प्रकरणाची पूर्वसूचना गुप्तवार्ता खात्याकडून दिल्लीस आधीच मिळाली होती. ती राज्य सरकारकडे टपालाने रवाना झाली आणि माल पडून गेल्यावर पोचली. यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या टेबलावरून टपाल जाते ते स्वतःच विचार करतील. विमान परतीच्या वाटेवर असताना २१-२२ डिसेंबरच्या रात्री वायुदलाने त्याला मुंबईस उतरविले. त्यातील लॅटव्हियन कर्मचारी आणि पीटर ब्लीच हा ब्रिटिश नागरिक यांना २००० साली कलकत्त्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. पुढे त्यांची सुटका झाली. किम डेव्ही या नावाने वावरणारा मुख्य इसम मुंबईच्या विमानतळावरूनच निसटला.

येथवर आपण हत्यारे येणाऱ्या देशाच्या बाजूने पाहिले. गेल्या काही वर्षांत भारत दुसऱ्या बाजूलाही उभा राहिला आहे. २०१३-१४ साली देशाची संरक्षण-सामग्रीची निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती; २०२४-२५ साली ती २३,६२२ कोटींवर गेली, आणि त्या एका वर्षात निर्यातीच्या १,७६२ परवानग्या देण्यात आल्या. २०२२ साली फिलिपीन्सशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा करार झाला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ती रवानाही झाली. फडक्यांच्या काळचा खडकीचा कारखाना २०२१ पासून ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहे. तिचे मुख्य कार्यालय पुण्यासच असून ती दारूगोळा परदेशी धाडते. ज्या पुण्यात काडतूस मिळणे हा अपराध होता तेथून काडतुसे विदेशी रवाना होतात, हे पाहावयास फडके असते तर त्यांना काय वाटले असते कोण जाणे.

निर्यातीचे परवाने ज्या यादीवरून देतात तिला ‘स्कोमेट’ म्हणतात. तिचा युद्धसामग्रीचा सहावा वर्ग २०१७ साली भरण्यात आला आणि त्यातील परवानग्या देण्याचे काम संरक्षण उत्पादन विभागाकडे आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारत वासेनार गटात सामील झाला. हत्यारांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर मात्र २०१३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांत मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. मसुद्यात विकणाऱ्या देशांच्या पदरात झुकते माप पडले आहे आणि दहशतवादी टोळ्यांना हत्यारे जाऊ नयेत यासाठी पुरेसे काही नाही, असे आपले म्हणणे होते. पुरुलियाची आठवण असणाऱ्या देशाला हे म्हणण्याचा अधिकार होता, असे आमचे मत आहे. परंतु विकणाऱ्याच्या खुर्चीवर आता आपणही बसलो आहोत. परक्या सरकारचा शिक्का असलेले प्रमाणपत्र आता आपल्या फायलीत येते, आणि ते खरे मानावयाचे की नाही हे येथल्या कोणी अवर सचिवाने ठरवावयाचे असते. माल दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असे खरेदीदार त्यात लिहून देतो. बुर्गासच्या कागदाचा मतलबही तोच होता.

हा प्रश्न २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. गाझातील युद्ध चालू असताना इस्रायलला हत्यारे धाडण्याचे भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत आणि नवे देऊ नयेत, अशी याचिका काही निवृत्त सनदी अधिकारी, विद्वान आणि कार्यकर्ते यांनी केली होती. सेवेत असलेल्या माणसाने अशा वादात आपले मत छापू नये, हा नियम आम्हांस मान्य आहे. घटना सांगण्यास मज्जाव नाही. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ९ सप्टेंबरला ती याचिका फेटाळली. परराष्ट्रधोरणाच्या क्षेत्रात न्यायालय शिरू शकत नाही, आणि एखाद्या सार्वभौम देशाच्या कृतीवर निर्णय दिल्याखेरीज हा आदेश देता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. परवाने ज्या विभागाने दिले होते त्याच विभागाकडे राहिले.